पेटीतच अ‍ॅम्प: एका प्लेट अ‍ॅम्पने काढलेला पावसाळा

पखवाजाचं डावं अंग ऐकू यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला. डाव्या पुडीला कणीक लावायची, थोडी काढायची, पुन्हा थापायची, थापेसरशी पोटात ‘धुम्म’ उठेपर्यंत तेच करत बसायचं. आणि नंतर त्याच भजनाच्या बारीचं रेकॉर्डिंग घरी लावलं की ते डावं अंग कसं वाजतं? पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखं. उजव्या पुडीचे बोल मात्र साफ. बुवांची पेटी साफ, साथीचा चकवा साफ, कोरसमधला बेसूर माणूससुद्धा ओळखता येतो. फक्त मी गायब.

मी आचऱ्याला राहतो, मालवण तालुका. पोटासाठी पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, जिवासाठी भजनात पखवाज. घरी जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आणि पाच इंची स्पीकरची एक जोडी. पाच इंची पडदा खालचे सूर कुठून आणणार? तेव्हा सबवूफर (सब), म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, घरीच करायचा ठरवला आणि त्यासाठी प्लेट अ‍ॅम्प मागवला. हे परीक्षण त्या प्लेट अ‍ॅम्पचं आहे. मेमध्ये बसवला, पावसाळा काढला, दिवाळीही झाली, आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लेट अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवलेला अख्खा अ‍ॅम्प्लिफायर. पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला हीटसिंकच्या पट्ट्या, नॉब, सिग्नल आत घ्यायचं आरसीए सॉकेट, फ्यूज, मेन्सची केबल. आतल्या अंगाला ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड. खोक्याच्या पाठीला चौकोनी भोक पाडायचं, पत्रा त्यावर स्क्रूंनी आवळायचा, दोन वायरी स्पीकरला जोडायच्या, झाला सब. निदान जाहिरातीत तरी एवढंच असतं. मला ६,४०० रुपयांना पडला, कुरिअरचे ३५० वेगळे. कुरिअरवाल्याने पार्सल कणकवलीलाच ठेवलं आणि ‘येऊन घेऊन जा’ म्हणून फोन केला, त्यामुळे एसटीचं भाडंही त्यातच धरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रार येणार आहे. तसाही हाच माल तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकला जाताना दिसतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. अ‍ॅम्प चांगला आहे. तो खोक्यात बसवायची जी रीत सोबतच्या कागदावर छापलीय ती कोकणात चालत नाही, आणि माझं मत विचाराल तर कुठेच चालू नये.

पार्सल उघडल्यावर माझा हात पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरवर गेला. सवय. आत टोरॉइड आहे, म्हणजे गोल कड्याचा. गुंडाळी एकसारखी, टेप नीट, हलवून बघितला तर जागचा हलला नाही. सेकंडरी गुंडाळीच्या टोकाचं एनॅमल ब्लेडने जरा खरवडून बघितलं आणि खाली लाल तांबं दिसलं तेव्हा बरं वाटलं. दुकानात हल्ली इतक्या मोटारी येतात ज्यांच्यात तांब्याच्या रंगाखाली अ‍ॅल्युमिनियम निघतं, की आता मी चमकणाऱ्या कुठल्याच तारेवर विश्वास ठेवत नाही. बोर्डवर आउटपुटला ओळखीची मंडळी भेटली: ५२०० आणि १९४३ हे ट्रान्झिस्टर, दोन जोड्या. ही जोडी माहीत नाही असा ऑडिओ मेकॅनिक आपल्याकडे सापडायचा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर मिळतेच, कुडाळ-कणकवलीतही मिळते. याचा अर्थ उद्या काही उडालं तर अ‍ॅम्प भंगारात जाणार नाही. क्लास डी आणि एसएमपीएसवाले, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगवर चालणारे, प्लेट अ‍ॅम्प हलके असतात, तापत कमी, पण त्यांचा पॉवर सप्लाय एकदा गेला की इथे बसून दुरुस्त करणं कठीण. चार किलोचं धूड मी मुद्दामच निवडलं.

आता पहिली खोट. पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगाचा सरकता स्विच आहे, ११५ आणि २३० व्होल्ट. माझा आला तो ११५ वर होता! तसाच लावला असता तर ट्रान्सफॉर्मरला दुप्पट व्होल्टेज मिळालं असतं. आत ३८ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे बोर्डाच्या डीसी पुरवठ्यावर, ५० व्होल्टचे कपॅसिटर बसवलेत. ते पंचाहत्तरला काय करतात हे मी दुकानात ऐकलंय, सुतळी बॉम्बच वाटतो. भारतात विकायचा माल ११५ वर ठेवून पाठवणाऱ्याला काय म्हणावं? मी स्विच २३० वर सरकवला आणि घरातल्या पोरांची बोटं पोचू नयेत म्हणून त्यावर पॉलिकार्बोनेटची चकती चिकटवून टाकली. तुम्ही घेतलात तर केबल लावण्याआधी तेवढं बघा.

खोक्यासाठी माप काढायला स्पीकरच्या कागदावरचे तीन आकडे पुरतात. माझा स्पीकर दहा इंची, चार ओहमचा: एफएस (मोकळ्या स्पीकरचा स्वतःचा सूर) ३२ हर्ट्झ, क्यूटीएस (तो सूर किती आवरलेला आहे) ०.४२, व्हीएएस (पडद्याइतकीच लवचीक असलेली हवा) ६० लिटर. ही भाषा थील आणि स्मॉल या दोघांची. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ही पद्धत मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ती पुढे नेली. त्याआधी खोकं किती मोठं करायचं हा बराचसा अंदाजाचा मामला होता, आपल्या कणकेसारखा. बंद खोक्याचा हिशोब सोपा आहे: व्हीएएस भागिले खोक्याचे लिटर, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा, त्याने क्यूटीएसला गुणा. उत्तर ०.७ च्या आसपास आलं की आवाज सरळ, ना फुगलेला ना सुकलेला. त्याच वर्गमुळाने एफएसला गुणलं की खोक्यात बसवलेल्या स्पीकरचा स्वतःचा सूर कळतो, त्याच्या खाली आवाज उतरणीला लागतो. माझं खोकं आतून ३५ बाय ३५ बाय ३२ सेंटीमीटर, म्हणजे ३९ लिटर आणि वर थोडं. स्पीकरची पाठ, मधली आडवी पट्टी आणि अ‍ॅम्पचं धूड वजा केलं की ३५ लिटर उरतात. उत्तर ०.६९, सूर ५३ हर्ट्झ. पोर्ट, म्हणजे खोक्याला हवेचं भोक, ठेवला असता तर आणखी खाली गेलो असतो, पण पोर्टवाल्या खोक्याचा आवाज खाली एकदम कोसळतो, दर सप्तकाला २४ डेसिबल. बंद खोक्याचा १२. आणि खरं कारण सांगायचं तर पोर्टच्या भोकातून पावसाळ्यात आत काय काय राहायला येईल सांगता येत नाही.

सगळीकडे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) वापरा म्हणून लिहिलेलं असतं. इथे एमडीएफ आणला तर नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची पोळी होते. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, आयएस ७१० चा शिक्का बघून. स्वयंपाकघराच्या कामातला उरलेला होता, त्यामुळे फुकटच म्हणायचा.

भोक पाडायला आमचे मेस्त्री आले. सत्तरी उलटलेला माणूस, डोळ्यांनी मिलिमीटर ओळखतो. मी त्यांना अ‍ॅम्पसोबत आलेला नकाशा दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“कागद काय दाखवतस माका? पत्रो हाड.”

पत्रा आणला. त्यांनी तो प्लायवर उलटा ठेवला, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने पेन्सिल फिरवली, पट्टीने चारही बाजू तपासल्या आणि मग म्हणाले, आता वाच तुझो कागद. कागदावर २४ सेंटीमीटर, मेस्त्रींच्या पेन्सिलीत २२. छापणाऱ्याने भोकाच्या जागी पत्र्याचंच माप छापलं होतं! कागदाप्रमाणे कापलं असतं तर पत्रा सरळ आत पडला असता आणि स्क्रू मारायला लाकूडच उरलं नसतं. ही दुसरी खोट.

सोबतचे काळे स्क्रू फेकून द्या. समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, ते स्क्रू ऑगस्ट बघत नाहीत. स्टेनलेसचे घ्या. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये स्पंजची पट्टी दिलेली असते, तीही बिनकामाची. मी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी घातली. खोकं हवाबंद झालं की नाही हे बघायला उदबत्ती घ्यायची, ३० हर्ट्झचा टोन लावायचा आणि धूर कडेकडेने फिरवायचा. जिथे धूर थरथरतो तिथून हवा जाते. माझ्याकडे पत्र्याची कड शांत होती, पण व्हॉल्यूमच्या नॉबपाशी धूर नाचत होता. नॉबच्या दांड्याच्या फटीतून खोकं श्वास घेत होतं. कान लावला तर बारीक फुसफुस. तेव्हा मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पहिल्या दिवशी माजघरात, ओटीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवला आणि गेल्या वर्षीच्या डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग लावलं. गजर सुरू झाला आणि डावं अंग आलं. खरंखुरं, पोटात. आई आतून हात पुसत आली.

“ता काय गुरगुरता रे?”

“पखवाज गे आये, माझो.”

तिने जरा वेळ ऐकलं, मग वर बघितलं. “वाजलो तो वाजलो, पण कौलां पडतली मां!”

कौलं पडली नाहीत, पण तिचं चुकलंही नव्हतं. एक ठरावीक सूर आला की देवघरावरची दोन कौलं किणकिणतात. वासे-रिपा आणि कौलं यांच्यात गवंड्याने ठेवलेली प्रत्येक फट सबवूफर शोधून काढतो. शिवाय कौलारू घरातून खालचे सूर वरच्या वर निसटून जातात. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची असते, तिला कौलांचा कसला अडसर. माझ्या साडूचं कुडाळला स्लॅबचं घर आहे, तिथे हाच सब नेऊन लावला तर अर्ध्या व्हॉल्यूमला खोली घुमायला लागली. तेव्हा ‘धडकी भरते’, ‘बेसच नाही’ अशी दोन टोकाची मतं तुम्ही कुठे वाचलीत तर आधी विचारा, छप्पर कसलं?

वॅटबद्दल. पार्सलच्या खोक्यावर ठळक छापलंय २५०. मी चार ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर पाण्याच्या बादलीत सोडला, ५० हर्ट्झचा टोन दिला (साध्या मल्टिमीटरवर याच्या आसपासच भरवसा ठेवता येतो) आणि एका मित्राचा ऑसिलोस्कोप लावून लहरीचं डोकं चपटं व्हायला लागेपर्यंत व्हॉल्यूम वाढवला. मीटरवर २०.५ व्होल्ट. वर्ग करा, चाराने भागा: १०५ वॅट. अडीचशे कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पण १०५ खरे वॅट घरातल्या दहा इंचीला भरपूर झाले, मी कधी अर्ध्याच्या वर गेलो नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १९० ला येतं तेव्हा ताकद सत्तरच्या आसपास उतरते. कानाला फरक जेमतेम पावणेदोन डेसिबल. ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टेज निमूट सोसतो, तक्रार करत नाही. जास्त व्होल्टेजला गुणगुणतो, तेवढंच.

ऑटो-ऑनची सोय आहे. सिग्नल आला की अ‍ॅम्प जागा होतो, थोडा वेळ सिग्नल नसला की झोपतो. सिनेमा बघणाऱ्याला ठीक असेल, डबलबारी ऐकणाऱ्याचा जीव घेते. एकदा का दोन बुवांची जुंपली की पंधरा-वीस मिनिटं नुसतं बोलणं चालतं, आणि बोलण्यात खालचे सूर नसतातच. अ‍ॅम्पला वाटतं, कार्यक्रम संपला. मग बुवा अचानक गजर उचलतात, पखवाजाची पहिली थाप पडते आणि अ‍ॅम्प डोळे चोळत एका सेकंदाने उठतो. पहिली थापच गेली तर उरलं काय? मी तो स्विच कायमचा ‘ऑन’वर ठेवलाय.

सबने कुठल्या सुराखालचंच वाजवायचं ते ठरवणारा फ्रिक्वेन्सीचा नॉब ४० ते १८० हर्ट्झ, मधल्या खुणा नाहीत. अंदाजाने ऐंशीवर ठेवा आणि कानाने जुळवा. फेजचा (पडद्याची पुढे-मागे चाल उलटवणारा) स्विच दोनच जागांचा आहे, पण उपयोगी. ८० हर्ट्झचा टोन लावून स्विच इकडून तिकडे करा, ज्या जागी आवाज मोठा ती बरोबर. स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल घ्यायचीही सोय दिलीय, जुन्या अ‍ॅम्पवाल्यांना बरी. मात्र तुमचा मुख्य अ‍ॅम्प नव्या पद्धतीचा, ब्रिज आउटपुटचा असेल तर जपून. त्यात स्पीकरची निगेटिव्ह वायर ग्राउंड नसते, ती सबच्या ग्राउंडला टेकली की मुख्य अ‍ॅम्प उडू शकतो. कागदावर यातलं अक्षर नाही.

आता हमिंग. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स स्टिरिओला जोडला की सबमधून बारीक ‘हूं’ यायची. डिशची केबल काढली की बंद. ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्यामुळे येणारी घरघर, दुसरं काही नाही. बरेच जण यावर उपाय म्हणून तीन पिनांमधली अर्थची पिन कापतात. कृपा करून हे करू नका. धातूचा पत्रा आहे, पावसाळ्यात ओल्या पायांनी नॉबला हात लावणार तुम्हीच. मी सगळी मंडळी एकाच बोर्डावर आणली आणि परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा पुन्हा भरून पाणी घातलं. आमच्याकडे जांभा, उन्हाळ्यात कोरडाठाक होतो, अर्थिंग नावापुरतं उरतं. आता जी ‘हूं’ उरलीय ती गावपळणीच्या, म्हणजे प्रथेप्रमाणे अख्खं गाव घरं सोडून जातं त्या, रात्रीच ऐकू येईल, आणि तेव्हा ऐकायला गावात कोणी नसतं.

हे सगळं जूनपर्यंत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर कोसळत असताना, सब एकदम रेकायला लागला. पुन्हा ग्राउंड लूप, असं मला वाटलं. पण सूर वेगळा होता. आधीची ‘हूं’ जिथे होती त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला, खरखरीत. पखवाज स्वराला लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं कळतं. मेन्सचा सूर ५० हर्ट्झ, केबलीतून आलेली घरघर त्याच सुरात. एसीची डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर तीच लहर १०० ची होते आणि ती गिळायचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं. म्हणजे वरचा ‘सा’ ऐकू येतोय तर कपॅसिटर काम करत नाहीये. केबली तपासत बसलो असतो तर रात्र गेली असती.

वायर काढून थोडा वेळ थांबलो, रेलवर मीटर लावून शून्य बघितलं, मग आठ स्क्रू काढले. चारपैकी एक मोठा कपॅसिटर बोट लावताच डुलला. एक पाय मुळाशी तुटलेला. साडेतीन इंच उंच डबे, फक्त स्वतःच्या दोन पायांवर उभे, खाली गोंदाचा थेंब नाही, बाजूला आधार नाही. आणि राहतात कुठे? दहा इंची पडदा ज्या खोक्यात मागे-पुढे हापसतोय त्याच खोक्यात. अडीच महिने प्रत्येक थापेला हवेचा गुद्दा खात होते. शिवाय आरसीए सॉकेटच्या आतल्या टोकांवर हिरवा लेप चढलेला. नॉबच्या फटीतून खोकं श्वास घेत होतं ते आठवतंय ना? बाहेरची खारट दमट हवा रोज थोडी थोडी आत ओढली जात होती. मोटारीच्या बेअरिंगला जे होतं तेच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. वॉरंटी एक वर्षाची होती. उत्तर आलं की घरी बनवलेल्या खोक्यात बसवल्यामुळे वॉरंटी लागू नाही. म्हणजे घरगुती खोक्यात बसवण्यासाठीच विकलेली वस्तू घरगुती खोक्यात बसवली हा माझा गुन्हा. मी दोनदा लिहिलं, नंतर सोडून दिलं. कपॅसिटर शंभराच्या आतला, डाग देणारा मीच. खरा राग त्या न घातलेल्या गोंदाच्या थेंबाचा आहे.

दुरुस्तीत केलं ते असं. चारही कपॅसिटर एकमेकांना आणि बोर्डला न्यूट्रल सिलिकॉनने पक्के बांधले (ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका, तांबं खातं). सॉकेट आणि नॉबवर कागदी टेप लावून बोर्डच्या सोल्डरच्या बाजूला हवेवर सुकणाऱ्या वाइंडिंग व्हार्निशचा एक हात मारला. मोटारींसाठी दुकानात असतंच. ट्रान्झिस्टर जिथे हीटसिंकला टेकतात तिथे व्हार्निश जाऊ दिलं नाही. आणि मेस्त्रींना पुन्हा बोलावलं. त्यांनी १२ मिलिमीटर प्लायची एक बिनझाकणाची डबी केली, आतून १० सेंटीमीटर खोल, आणि खोक्याच्या आतून त्या चौकोनी भोकावर फेव्हिकॉल-स्क्रूने बसवली. आता पत्रा आवळला की अ‍ॅम्प स्वतःच्या खोलीत आणि स्पीकर स्वतःच्या. मधून फक्त दोन वायरी जातात, त्यांच्या भोकात सिलिकॉन. मेस्त्रींचं म्हणणं, “पयलीच सांगलं असतंस तर एका दिवसात झालां असतां.” खरं आहे.

डबीने पाच लिटर खाल्ले. ३५ चे ३० झाले. मी घाबरत घाबरत पुन्हा गणित केलं: ०.६९ चं ०.७३ झालं आणि ५३ हर्ट्झचे ५५. ऐकून फरक सांगणारा माणूस मला अजून भेटला नाही. तरी मनाच्या समाधानासाठी जुन्या उशीतलं पॉलिएस्टर पिंजून आत भरलं, त्याने खोकं आहे त्याहून जरा मोठं असल्यासारखं वागतं. सावरीचा कापूस घालायचा मोह झाला होता. तो आवरला. उदबत्ती परत फिरवली. नॉबपाशी धूर सरळ वर गेला.

ऑगस्ट-सप्टेंबर सब चोवीस तास चालूच ठेवला. आपल्याकडे कपड्यांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावतात ना, तसंच. ट्रान्सफॉर्मरच्या उबेने डबी कोरडी राहते. नुसता चालू असताना मीटरवर ९ वॅट दिसले, महिन्याचे साडेसहा युनिट. ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र लाइट जायच्या आधीच प्लग काढायचा, त्यात हयगय नको. हीटसिंकच्या पट्ट्या उभ्याच राहतील असा पत्रा बसवा, आडवा केला तर गरम हवा पट्ट्यांत अडकते आणि हा क्लास एबी, जुन्या पद्धतीचा, आहे, तापतोच.

साडूला माझा सब ऐकून तस्साच हवा झाला. त्याच्यासाठी मी अ‍ॅम्प बाहेर ठेवला. बंद खोकं, तोच स्पीकर, कपाटात ठेवलेला वेगळा अ‍ॅम्प आणि सोबत लो-पासचं (फक्त खालचे सूर पुढे सोडणारं) छोटं कार्ड. सगळं मिळून सुमारे ८०० रुपये कमी लागले, कपॅसिटरवर गुद्दे नाहीत, दुरुस्तीला खोकं हलवायला नको. पण त्याच्या हॉलमध्ये वायरींचं जाळं झालं आणि मेहुणीने ते माझ्याच नावावर जमा केलंय. माझा सब म्हणजे एक खोकं, एक सिग्नलची वायर, एक प्लग. उचलायचं, दुसऱ्या खोलीत ठेवायचं, सुरू. या सोयीसाठी मी पुन्हा प्लेट अ‍ॅम्पच घेईन, फक्त डबी पहिल्या दिवशीच करून. देवळात मात्र नेऊ नका. हौसेने एकदा सभामंडपात नेला होता. तिन्ही बाजूंनी उघडी जागा, १०५ वॅट कुठल्या कुठे विरले. पोरं विचारत होती, काका, चालू केला काय?

काल हे लिहिण्याआधी पुन्हा आठ स्क्रू काढून बघितलं. गोंद जागच्या जागी, सॉकेटवर हिरवं नाही, व्हार्निशला अजून थोडा वास आहे. आठातल्या एका स्क्रूच्या डोक्यावर मात्र तांबूस गंज होता. सोबत आलेल्या काळ्यांपैकी एक. मे महिन्यात स्टेनलेसचे सातच मिळाले होते, आठवा आणायचा राहून गेला. आज बाजारात जातोय, घेऊन येतो.